अवंतीची मध्यरेषा आणि संकेतांची भाषा

उज्जयिनीत जिवाजी वेधशाळेच्या आवारात ८५ फूट उंचीच्या मनोऱ्यावर एक घड्याळ बसविण्यात आले असून २९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या काळाचे तीस मुहूर्त पाडून ते वेळ दाखविते. या निमित्ताने अवंतीच्या मध्यरेषेचा जुना अभिमान पुन्हा जागा झाला, आणि जगाने ग्रीनिच सोडून उज्जैन धरावे अशी भाषाही जबाबदार व्यक्तींच्या तोंडून ऐकू आली. अभिमानास आमची हरकत नाही. परंतु ही रेषा हजार-बाराशे वर्षे कोणत्या गुणावर चालली, हा प्रश्न त्या गजरात मागे पडतो. आमच्या मते तो गुण स्थानमाहात्म्याचा नव्हे. संगणकाचे प्रोग्रामर ज्याला आज 'मुक्त मानक' म्हणतात, त्याच जातीचा तो गुण आहे.

प्रोग्रामर मंडळींशी ज्यांचा थोडाफार संबंध आला असेल त्यांस ठाऊक असेल की, हे लोक दोन विषयांवर अखंड भांडत असतात. गणनेच्या भाषेत कोणत्या सोयी असाव्यात व कोणत्या नसाव्यात, हा एक विषय. आणि जागतिक जाळ्यावरील देवघेवीचे नियम सर्वांस खुले असावेत की एखाद्या धन्याच्या कुलुपात असावेत, हा दुसरा. हे वाद नवे आहेत असा त्यांचा समज दिसतो. वकिलाची नजर साहजिकच जुन्या दप्तराकडे वळते, आणि उज्जयिनीच्या दप्तरात या दोन्ही दाव्यांचे कागद चांगल्या स्थितीत सापडतात.

प्रथम रेषेचेच पाहू. सिद्धांतग्रंथांत ही रेषा लंकेपासून निघून उज्जयिनीवरून, कुरुक्षेत्राजवळून मेरूकडे जाते. ही लंका म्हणजे रावणाची लंका किंवा आजची श्रीलंका नव्हे. विषुववृत्तावर, उज्जयिनीच्या नेमक्या दक्षिणेस कल्पिलेला तो केवळ एक बिंदू आहे. तेथे कोणी राहत नव्हते, तेथून कोणी वेध घेतला नाही. ग्रहांचे मध्यम स्थान प्रथम या बिंदूसाठी काढायचे आणि मग आपले गाव रेषेच्या पूर्वेस आहे की पश्चिमेस, हे पाहून 'देशांतर' संस्कार करावयाचा, एवढाच नियम. उदाहरणार्थ, पणजी उज्जयिनीच्या पश्चिमेस सुमारे दोन अंश आहे. म्हणजे पणजीचा मध्यान्ह उज्जयिनीच्या मध्यान्हानंतर सुमारे १९ पळांनी होतो. हे गणित करण्यास गोव्याच्या जोश्याला अवंतीच्या राजाची परवानगी लागत नव्हती, की तेथे नजराणा पाठवावा लागत नव्हता. नियम श्लोकबद्ध होता आणि ज्यास पाठ असेल त्याचा होता. उज्जैनला मान मिळाला तो त्याचे नाव सर्वांच्या गणितात होते म्हणून. तेथे येऊन कोणी विचारावे, अशी कोणावर सक्ती नव्हती.

या नगरीशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो वराहमिहिर स्वतःस आवंतिक म्हणवितो. शके ४२७ (इ. स. ५०५) हे वर्ष आरंभ धरून त्याने 'पंचसिद्धांतिका' रचली. पौलिश, रोमक, वासिष्ठ, सौर आणि पैतामह अशा पाच मतांचा सारांश एका ग्रंथात द्यावयाचा, असा तिचा संकल्प. आपल्याकडे परंपरेचा अभिमानी मनुष्य बहुधा जे सर्वांत जुने व सर्वांत पूज्य तेच सर्वांत खरे मानतो. वराहमिहिराने तसे केले नाही. पौलिश शुद्ध आहे, रोमक त्याच्या जवळपास आहे, सौर त्यांहून अधिक स्पष्ट आहे आणि उरलेले दोन फार ढळले आहेत, असा निवाडा त्याने दिला. त्या उरलेल्या दोहोंत एक खुद्द ब्रह्मदेवाच्या नावाचा आहे, आणि शुद्ध ठरलेल्यांत रोमक तर उघडउघड परदेशी! निवाडा देताना त्याने पाचही पक्षांची कैफियत ग्रंथात ठेवली, ही आम्हांस त्याहून मोठी गोष्ट वाटते. हरलेल्या पक्षाचे गणित नष्ट करून टाकले असते तर आज आपण त्याचा निवाडा तपासू शकलो नसतो. थीबो व सुधाकर द्विवेदी यांनी १८८९ साली हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, तेव्हा चौदाशे वर्षांनंतरचे अपील चालविता आले ते यामुळेच.

याच ग्रंथात यवनपुर, म्हणजे अलेक्झांड्रिया, आणि अवंती यांमधील देशांतर ७ १/३ नाडी दिले आहे. एका नाडीस सहा अंश या हिशेबाने ते ४४ अंश होतात. आजच्या मापनाने सुमारे ४६ भरतात. दोन दूरदेशींच्या गणकांना एकमेकांचे कोष्टक वापरायचे असेल, तर आपल्या दोन आरंभरेषांत अंतर किती एवढे एकमेकांस ठाऊक असणे पुरेसे असते. दोघांनी एकाच देवळात पूजा करणे आवश्यक नसते.

दिवस कधी सुरू होतो, यावरही त्या काळी एकमत नव्हते. कोणी यवनपुरातील सूर्यास्तापासून दिवस मोजी, कोणी लंकेतील सूर्योदयापासून, तर आर्यभटाने एके ठिकाणी मध्यरात्र आणि दुसरीकडे सूर्योदय धरला, याची नोंद वराहमिहिर करतो. वाचकांस हा काथ्याकूट वाटेल. पण मोजणीचा आरंभ शून्यापासून करावा की एकापासून, यावर आजचे प्रोग्रामर ज्या त्वेषाने लिहितात तो पाहिला, म्हणजे आर्यभटाच्या टीकाकारांशी त्यांचे नाते कळते. आपल्याकडे शकाची वर्षे बहुधा 'गत' म्हणून मोजली जातात, म्हणजे पहिले वर्ष पुरे होईपर्यंत अंक शून्यच. काही ताम्रपट मात्र 'वर्तमान' वर्ष देतात. त्यामुळे एका वर्षाचा फरक पडतो आणि इतिहाससंशोधक हैराण होतात. आमच्या शास्त्रानेही हा घोळ सोडविण्यासाठी कायदाच केला आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टाच्या कलम ९ प्रमाणे 'अमुक दिवसापासून' म्हटले की तो दिवस वगळावयाचा आणि 'अमुक दिवसापर्यंत' म्हटले की तो धरावयाचा. त्या एका दिवसावर मुदतीचे दावे बुडतात व तरतात.

आता भाषेच्या सोयींकडे वळू. आर्यभटाने मोठ्या संख्या लिहिण्यासाठी एक अजब युक्ती काढली. 'क' पासून 'म' पर्यंतच्या व्यंजनांस एक ते पंचवीस, 'य' पासून 'ह' पर्यंतच्या व्यंजनांस तीस ते शंभर अशी किंमत आणि स्वरांवरून स्थान. एका महायुगातील सूर्याचे ४३,२०,००० भगण त्याने 'ख्युघृ' या दोन अक्षरांत बसविले. ख म्हणजे दोन, य म्हणजे तीस, उकाराने ते बत्तीस दहा हजारांच्या स्थानी गेले. घ म्हणजे चार, ऋकाराने ते दहा लाखांच्या स्थानी. यापेक्षा आटोपशीर लेखन आम्हांस दाखवावे! पण ते उच्चारून पाहा, म्हणजे जीभ अडखळते. शिवाय नकलनविसाने एक व्यंजन चुकून दुसरे लिहिले, तरी वृत्तात बाध येत नाही आणि अर्थ मुळातच नसल्यामुळे अर्थही बिघडत नाही. संख्या मात्र लाखांनी चुकते.

दुसरा मार्ग शब्दांकांचा. शून्यासाठी आकाश, चारासाठी समुद्र, बत्तिसासाठी दात. तीच ४३,२०,००० ही संख्या एककाकडून मोजीत गेल्यास चार आकाशे, मग दात, मग समुद्र अशी होते. हे लेखन लांबलचक आहे खरे. पण आकाशाला अंबर, ख, व्योम असे कितीतरी पर्याय असल्यामुळे कवीला कोणत्याही वृत्तात संख्या बसविता येते, आणि नक्कल करणाऱ्याने शब्द मोडला तर एक तर वृत्त लंगडे होते किंवा शब्द निरर्थक होतो, म्हणजे चूक स्वतःच ओरडून सांगते. पुढील सिद्धांतकारांनी बहुतेक करून हाच मार्ग पत्करला. आर्यभटाची बुद्धी त्यांना मान्य होती, पण त्याची लिपी त्यांनी उचलली नाही. आटोपशीरपणा लिहिणाऱ्याचे श्रम वाचवितो. वाचणारे पुष्कळ असतात आणि ते दूरच्या काळात असतात, हे त्यांनी ओळखले असावे.

सोयी कमी करणारा गणकही आपल्याकडे होऊन गेला, आणि तो आपल्या कोकणचा. मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ (इ. स. १५२०) मध्ये 'ग्रहलाघव' रचले. ग्रहगणितातून ज्या-कोटिज्यांचे संपूर्ण प्रकरण त्याने उचलून बाजूस ठेवले आणि साध्या गुणाकार-भागाकारांवर काम भागविले. दिवसांचा अवाढव्य आकडा टाळण्यासाठी अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे, चक्र धरले. ज्याला त्रिकोणमिती येत नाही अशा खेड्यातील जोश्यालाही पंचांग करता यावे, हा त्यामागील हेतू. आजच्या प्रोग्रामरांत जो पक्ष म्हणतो की भाषेची थोरवी तिच्यात काय घातले यापेक्षा तिच्यातून काय काढले यावर मोजावी, त्याने नांदगावास एकदा अवश्य जावे.

मात्र येथे एक कटू गोष्ट सांगावी लागते. गणेशाने स्वतः जुनी मते वेधांशी ताडून पाहिली होती. एका ग्रहास सौरपक्ष जुळला तर तो, दुसऱ्यास आर्यपक्ष जुळला तर तो, अशी त्याने निवड केली. त्याच्यामागून येणाऱ्यांनी त्याचे आकडे घेतले आणि पद्धत सोडली. साडेतीनशे वर्षे तेच आकडे चालवून चूक साचत गेली, आणि केरो लक्ष्मण छत्रे यांना १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' नव्याने मराठीत सिद्ध करावी लागली. करणग्रंथ हा मुळातच मुदतीचा कागद असतो. त्याची पोथी करून पूजा केली की तो खोटा पडू लागतो.

अवंतीची रेषा जितकी मोकळी होती तितकी ती दूर गेली. आठव्या शतकात, खलिफा मन्सूरच्या कारकिर्दीत, भारतीय सिद्धांत बगदादला पोहोचले. नवव्या शतकातील अल् ख्वारिज्मी (ज्याच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द निघाला) याने आपली कोष्टके याच मध्यरेषेवर बांधली. पुढे कॉर्डोव्ह्याच्या मस्लमाने ती आपल्या गावच्या रेषेवर उतरवून घेतली. म्हणजे गोव्याचा जोशी जो देशांतर संस्कार करीत होता तोच स्पेनमध्ये झाला. परंतु वाटेत एक अपघात घडला. अरबी लिपीत 'झ' आणि 'र' या अक्षरांत भेद केवळ एका टिंबाचा. कोणा लेखकाच्या हातून ते टिंब राहिले आणि 'उझैन'चे 'अरीन' झाले. लॅटिन ग्रंथांत हे अरीन म्हणजे पृथ्वीच्या मधोमध वसलेले एक अद्भुत नगर ठरले, आणि १४९८ च्या तिसऱ्या सफरीवरून लिहिताना कोलंबसानेही त्याचा उल्लेख केला. एका टिंबाने महाकालाची नगरी नकाशावरून नाहीशी होऊन कल्पनेत गेली.

हे टिंबाचे प्रकरण मराठी वाचकाने परके समजू नये. 'आचार्यास दक्षिणा द्यावी' आणि 'आचाऱ्यास दक्षिणा द्यावी' या दोन वाक्यांत काय अंतर आहे हे मृत्युपत्र वाचणाऱ्या वकिलास विचारावे. पहिल्यात विद्वानाचा लाभ होतो, दुसऱ्यात स्वयंपाक्याचा. हा अर्धा र हिंदीस लागत नाही, मराठीस त्यावाचून चालत नाही. भारतीय लिप्यांचा संगणकसंकेत 'इस्की' या नावाने १९८८ व १९९१ साली ठरला, आणि १९९१ च्या युनिकोडने देवनागरीची मांडणी त्यातील १९८८ च्या रूपावरून घेतली. त्यात हा अर्धा र लिहिण्याची सोय झाली ती अशी की, खाली टिंब असलेला 'ऱ' हलन्त केला म्हणजे त्याचे अर्धे रूप मराठीचे ठरावे. पुन्हा टिंबच! शिवाय जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून साध्या 'र'ला हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य सांधणारे चिन्ह घालण्याचा दुसरा मार्गही खुला ठेवला. डोळ्यांस दोन्ही सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द. एकाने लिहिलेला आचारी दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. 'ॲ' या अक्षरासही २००८ पर्यंत स्वतंत्र स्थान नव्हते. लोक अ वर चंद्र चढवून काम भागवीत, आणि अजूनही अनेक तसेच करतात. एका गोष्टीस एकच लेखन असावे असा आग्रह धरणाऱ्या प्रोग्रामराच्या बाजूने आमचे मत पडते. तथापि जुने कागद वाचता यावेत म्हणून जी वाट ठेवावी लागते तिचे महत्त्वही कायद्याच्या माणसास सांगावे लागत नाही.

या अपुऱ्या संकेताबद्दल तक्रार करण्यापूर्वी त्याआधीचा काळ आठवावा. प्रत्येक अक्षरसाचा विकणाऱ्याचा संकेत निराळा, आणि तो त्याच्या मालकीचा. वृत्तपत्र वाचायचे तर आधी त्या वृत्तपत्राचा साचा उतरवून घ्या. त्या काळी टंकित केलेली एक खरेदीखताची मसुदाप्रत आमच्या कार्यालयात आहे. पक्षकार हयात आहेत, जमीन जागेवर आहे, पण पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, कारण तो साचा आता मिळत नाही. आर्यभटाची ख्युघृ पंधराशे वर्षांनी उलगडते, कारण किल्ली त्याने ग्रंथातच दिली आहे. हा मसुदा तीस वर्षांत मुका झाला.

जागतिक जाळ्याचे भाग्य असे की, टिम बर्नर्स-ली ज्या सर्न संस्थेत काम करीत होता तिने ३० एप्रिल १९९३ रोजी त्याची मूळ रचना सर्वांस विनामूल्य खुली केली. त्यावर हक्क राखून ठेवला असता तर काय झाले असते, हे आमच्या मसुद्याकडे पाहून कळते. या जाळ्याचे नियम ठरविणाऱ्या मंडळाने २००४ साली पेटंटांविषयी असे धोरण स्वीकारले की, मानकात शिरलेल्या शोधावर स्वामित्वधन मागता येऊ नये. भारत सरकारनेही २०१० साली शासकीय कामकाजासाठी मुक्त मानकांचे धोरण प्रसिद्ध केले. कागदावरचे धोरण आणि कचेरीतील टेबल यांमधील देशांतर किती नाड्यांचे असते, ते वाचकांस स्वानुभवाने ठाऊक असेल.

याच नियमांतील एक लहानशी तरतूद आमच्या या द्वैभाषिक मासिकाच्या वाचकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. मजकुरास भाषेची खूण जोडता येते. मराठीची खूण जोडली आणि अक्षरसाचा शहाणा असला, तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, नाही तर हिंदी वळणाचे. कोंकणीची खूण निराळी आहे, आणि तिच्यापुढे लिपीचीही खूण देण्याची मुभा आहे. १९८७ च्या गोव्याच्या राजभाषा कायद्याने कोंकणी म्हणजे देवनागरीतील कोंकणी अशी व्याख्या केली, आणि रोमी लिपीत लिहिणारा मोठा समाज तेव्हापासून आपले गाऱ्हाणे मांडीत आहे. जाळ्याच्या संकेताने मात्र भाषा एका खणात व लिपी दुसऱ्या खणात ठेवली. देवनागरी, रोमी, कन्नड, कोणत्याही लिपीत लिहा, भाषेचे नाव कोंकणीच राहते. विधिमंडळाला जे जमले नाही ते प्रोग्रामरांच्या समितीने मुकाट्याने करून ठेवले, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

उरला प्रश्न मध्यरेषेचा. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचला २२ मते पडली, विरुद्ध एक, आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. ग्रीनिच जिंकले, कारण जगाच्या जहाजवाहतुकीपैकी, टनांच्या हिशेबाने, सुमारे ७२ टक्के वाहतूक तोपर्यंत त्याच रेषेचे नकाशे वापरीत होती. पुढे १९०६ साली सबंध देशासाठी ८२ १/२ अंशांची वेळ ठरली. मुंबईने ती मनावर घेतली नाही. सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली आपली 'मुंबई टाइम' ती १९५५ पर्यंत धरून बसली.

त्याच सुमारास पंचांगांचा गोंधळ मिटविण्यासाठी मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेली समिती काम करीत होती. नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर तीत होते, आणि उज्जैनच्या माधव कॉलेजातील प्रा. आर. व्ही. वैद्यही होते. दफ्तरी ज्योतिषाचे जाणते खरे, पण कायद्याचे पदवीधरही होते, हे आम्ही थोड्या अभिमानाने नमूद करतो. १९५५ च्या अहवालात समितीने राष्ट्रीय पंचांगासाठी एक केंद्रस्थान सुचविले आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. या केंद्रस्थानाचे रेखांश ८२ अंश ३० कला आहेत, म्हणजे घड्याळाच्या सरकारी वेळेचेच. अक्षांश मात्र २३ अंश ११ कला, जे उज्जयिनीचे आहेत. नकाशावर हा बिंदू छत्तीसगढमधील बैकुंठपूरच्या आसपास पडतो. सिद्धांतकारांच्या लंकेप्रमाणेच हाही केवळ गणिताचा बिंदू आहे. देशभरचे जोशी त्या बिंदूचे आकडे घेऊन त्यांवर आपापल्या गावचा देशांतर संस्कार करतात.